पॅड नवीन, डिस्क नवीन, तरी गाडी ओरडतेय. बघायला सुरुवात कुठून करू?

हातोडी_पाना

मंडळी मदत हवीये, डोकं आऊट झालंय. दोन आठवड्यांपूर्वी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि दोन्ही डिस्क घरीच बदलल्या. पहिलीच वेळ, पण घाई अजिबात केली नाही, अख्खा रविवार घातला त्यात. जुने पॅड संपायला आलेले आणि डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढा काठ उभा राहिलेला, म्हणून म्हटलं अर्धवट काम नको, दोन्ही एकदम टाकू.

कसं केलं ते सगळं लिहितो म्हणजे कुठे माती खाल्ली ते तुम्हाला कळेल. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावले, चाकं काढली, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडून तारेने वर टांगला (पाइपावर लोंबकळू दिला नाही, एवढं माहीत होतं). ड्रायव्हर बाजूची डिस्क हबला (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) अशी चिकटलेली की निघेचना, शेवटी हातोडी घेऊन मागून चारी बाजूंनी ठोकली तेव्हा कुठे सुटली. हब फडक्याने पुसला. नवीन डिस्कवर तेलासारखा थर असतो तो ब्रेक क्लीनर मारून दोन्ही अंगांनी साफ केला. कॅलिपरचे पिस्टन क्लॅम्पने दाबून आत ढकलले. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढून पुसल्या, ग्रीस लावून परत घातल्या. पॅडच्या डब्यात पत्र्याच्या छोट्या क्लिपा पण आल्या होत्या, पण जुन्या चांगल्या दिसत होत्या, घट्ट बसलेल्या, म्हणून नवीन ठेवून दिल्या पुढच्या वेळेला. मग सगळं आवळून, पेडल कडक होईपर्यंत पंप मारला आणि चक्कर मारून आलो. ब्रेक मस्त लागतात.

आता आवाज. दोन आहेत. पहिला, पहिल्या दिवसापासूनच, ब्रेकला पाय न लावता हळू जाताना स्स्क... स्स्क... स्स्क असा, काच खाली असली की भिंतीच्या बाजूने जाताना स्पष्ट ऐकू येतो, वेग वाढवला की भराभर येतो आणि मग टायरच्या आवाजात बुडून जातो. मला वाटलं डिस्क बसतेय, जाईल. दुसरा चार-पाच दिवसांनी सुरू झाला. थांबत आलो की शेवटच्या दहाएक मीटरला चीं...ईं असा बारीक किंचाळल्यासारखा, तोही हलका ब्रेक असेल तरच, जोरात दाबला तर गप्प. बायको म्हणते आता हॉर्नची गरज नाही, आपण आल्याचं अख्ख्या गल्लीला कळतं.

साधारण ३०० किमी झालेत. पॅड बदलून दुसरे टाकू का? की डिस्कच खराब निघाली?

निवांत_गडी

काही करू नका, नवीन पॅड आहेत, ५०० एक किमी होऊ द्या आपोआप बंद होतो. आणि अगदीच सहन होत नसेल तर डिस्कवर जरासं ऑइलचं फवारणं मारा. मित्राने मारलेलं, त्या दिवसापासून गाडी एकदम गप्प.

गॅरेजातला_मामा

वरच्या भाऊंनी लिहिलंय ते कोणीही, परत सांगतो, कोणीही करू नका. डिस्कवर तेल गेलं की गाडी गप्प होते कारण तिचा ब्रेकच गेलेला असतो. पॅडचं मटेरियल तेल शोषून घेतं, मग कितीही पुसा, गरम झालं की परत वर येतं. असे पॅड फेकायचे, दुसरा इलाज नाही. एका चाकाला लागलं आणि दुसऱ्याला नाही तर जोरात ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. ऑइल, ग्रीस, सिलिकॉनचा स्प्रे, डॅशबोर्डची पॉलिश, यातलं काहीही डिस्कच्या तोंडावर जाता कामा नये. टायरला चमक आणायचा स्प्रे मारताना पण जपून.

आता मूळ प्रश्न. हातोडी भाऊ, पॅड लगेच बदलू नकोस. पार्ट नवीन आहेत, ते खराब निघायची शक्यता असते पण थोडी. तुझा हात जिथे जिथे लागला तिथे आधी बघायचं. तू सगळं प्रामाणिकपणे लिहिलंयस आणि त्यात तीन जागा मला आत्ताच दिसतायत, पण आधी थोडं विचारतो.

स्स्क आवाज चाकाच्या एका फेरीला एकदाच येतो का सतत? वळताना कमीजास्त होतो का? ब्रेक हलकासा दाबून धरला तर बंद होतो का? आणि चीं कुठल्या चाकातून येते ते नक्की माहितीये का? एका भिंतीजवळून एकदा जाताना एकदा येताना काच खाली करून ऐक, कळतं बरोबर. अजून एक, १०-१५ मिनिटं गाडी शक्यतो ब्रेक न लावता फिरवून ये आणि उतरून प्रत्येक पुढच्या चाकाजवळ हात नेऊन बघ, लावू नकोस, जवळ ने फक्त. एक बाजू दुसरीपेक्षा तापलेली वाटते का?

कंपनवेडा

मामांचे प्रश्न बरोबर आहेत, मी फक्त त्यामागचं कारण सांगतो कारण लोक आवाज म्हटलं की थेट पॅडच्या क्वालिटीवर जातात.

ब्रेकची चीं म्हणजे काहीतरी घासून झिजतंय असं नसतं बऱ्याचदा. पॅड डिस्कवर अडकतो-सुटतो-अडकतो असं सेकंदाला हजारो वेळा होतं आणि पॅड, कॅलिपर, डिस्क मिळून थरथरतात. साधारण १००० हर्ट्झच्या वर गेलं की आपल्याला ती किंचाळी वाटते, त्याच्या खाली असेल तर घूं किंवा गुरगुर. शाळेत फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरला की अंगावर काटा येईल असा किंचाळायचा आणि जरा तिरका केला की गप्प, आठवतंय? खडू तोच, फळा तोच, फक्त धरण्यात फरक. इथेही तसंच. पॅड कॅलिपरमध्ये कसा धरलाय, किती सैल किंवा किती जखडलेला, मागे शिम (पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा) आहे की नाही, पुढची कड डिस्कला कशी भिडते, यावर सगळं. जोरात दाबल्यावर गप्प होतो याचाही अर्थ हाच, दाब वाढला की पॅडला थरथरायला जागा राहत नाही.

म्हणून "जास्त महागाचे पॅड घ्या" हा सल्ला कधी लागू पडतो कधी नाही. हां, मटेरियलचा फरक असतो, ज्यात धातूचे कण जास्त असतात ते पॅड सिरॅमिकवाल्यांपेक्षा जास्त बोलतात, विशेषतः सकाळी थंड असताना. पण तुमच्या केसमध्ये चार-पाच दिवसांनी सुरू झालं हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणजे पहिल्या दिवशी ठीक होतं, नंतर काहीतरी बदललं.

एक_शिकाऊ

मी एकदा माझ्या गाडीचे बदलले तेव्हा एक पॅड उलटा बसवला होता, म्हणजे लोखंडी पाठ डिस्कच्या बाजूला 🙈 हसू नका, होतं असं. खर्रर्र आवाज आला तेव्हा वाटलं दगड अडकलाय. दोन किमीमध्ये नवीन डिस्कवर नांगरटी केल्यासारख्या रेघा. तुमचं तसं नाही ना झालं एकदा बघा.

गॅरेजातला_मामा

शिकाऊ, हसत नाही, महिन्यात एक तरी गाडी अशी येते माझ्याकडे. पण उलटा पॅड असता तर ब्रेक "मस्त लागतात" असं तो म्हणाला नसता.

हातोडी_पाना

मामा, तुम्ही सांगितलं तसं सगळं करून आलो. पार्किंगमध्ये हळूहळू पंधरा चकरा मारल्या, वॉचमन बघायला आला काय झालं म्हणून.

१. स्स्क चाकाच्या एका फेरीला एकदा. टायरवर खडूने खूण केली आणि मुलाला बाजूने चालायला लावलं, खूण खाली आली की आवाज, दर वेळी. ड्रायव्हर बाजूला. एका बाजूला वळलो की वाढतो, दुसरीकडे वळलो की जवळपास जातो. ब्रेक दाबला तरी येतोच, काही फरक नाही.

२. चीं मात्र दुसऱ्या बाजूच्या चाकातून! मी इतके दिवस समजत होतो दोन्ही आवाज एकाच बाजूचे आहेत.

३. तापण्याचं बघायला मित्राकडचं लांबून तापमान दाखवणारं यंत्र आणलं, ते पिस्तुलासारखं असतं ते. १२ किमी फिरून आलो, ब्रेक कमीत कमी. ड्रायव्हर बाजूची डिस्क ६० अंशाच्या आसपास, दुसरी बाजू ११५. दोनदा बघितलं. हे नॉर्मल आहे का?

गॅरेजातला_मामा

नाही, नॉर्मल नाही. चार-पाच अंशांचा फरक असता तर सोडून दिला असता. जवळपास दुप्पट म्हणजे त्या बाजूचा पॅड ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नाहीये, डिस्कला चिकटून फिरतोय. तापतो, वर काचेसारखी चकाकी येते आणि मग चीं. तुझे दोन आवाज म्हणजे दोन वेगळ्या चाकांची दोन वेगळी भांडणं आहेत. एकाच औषधाने जाणार नाहीत.

आधी सोपं. स्स्कवालं चाक. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो, चिखल आणि दगड अडवायला. तू हातोडीने मागून डिस्क ठोकलीस ना, तेव्हा पत्र्याला एक तरी फटका बसला असणार किंवा हाताच्या कोपराने दाबला गेला असेल, तो इतका मऊ असतो की अंगठ्याने वाकतो. चाक काढ, बॅटरी (टॉर्च) लावून पत्रा आणि डिस्क यांच्यामध्ये बघ, जिथे घासतो तिथे नाण्याएवढा चकचकीत डाग असेल. दिसला नाही तर जाड कागदाची पट्टी फटीत घालून गोल फिरव, जिथे अडकेल ती जागा. बोटांनी किंवा लांब स्क्रू ड्रायव्हरने हळूच मागे ओढ, सगळीकडे तीन-चार मिमी तरी फट हवी. तिथेच एखादा खडा अडकलाय का ते पण बघ, तोही अगदी असाच आवाज करतो, रिव्हर्स घेतली की कधी कधी निघून पडतो.

बेअरिंगची शंका येईल कोणाला, कारण वळताना बदलतो. पण बेअरिंग गेलं की घूं... असा सलग आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा. फेरीला एकदा स्स्क हे बेअरिंगचं लक्षण नाही. तरी चाक वर असतानाच वर-खाली धरून हलवून बघ, खुळखुळ नको.

आता दुसरं चाक. कॅलिपर सोड. पॅड ब्रॅकेटमध्ये (पॅड धरून ठेवणारी चौकट) बसलेला असतो तो बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे. हातोडी लागता कामा नये, नावात असली तरी 😄 दोन्ही पिना हाताने आत-बाहेर करून बघ, मलईसारख्या सरकल्या पाहिजेत आणि सोडल्यावर रबरी बूट (पिनेवरचं रबराचं आवरण) फुगून आत खेचला गेलाय असं नको. आणि मला सांग, ग्रीस कुठलं लावलंस?

कंपनवेडा

मामा, एक भर घालू का, फेरीला एकदा आवाज येतो याचा अजून एक अर्थ आहे. पत्रा वाकलेला असेलच, पण डिस्क अगदी सरळ फिरत असती तर आवाज पूर्ण फेरीभर सारखा आला असता. एका ठिकाणीच येतो म्हणजे डिस्क किंचित डुलतेय. हातोडी यांनी लिहिलंय "हब फडक्याने पुसला". चिकटलेली डिस्क ठोकून काढली म्हणजे हबच्या तोंडावर गंजाची खपली नक्की होती, ती फडक्याने जात नाही. त्यावर नवीन डिस्क ठेवून नट आवळले की डिस्क तिरकी बसते. अगदी कणभर, पण मधल्या भागातला कणभर तिरकेपणा कडेला पोचेपर्यंत वाढतो.

बऱ्याच गाड्यांना कडेजवळ मोजलं तर ०.०५ ते ०.१ मिमी एवढंच डुलणं चालतं. आपला केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आत्ता फक्त आवाज आहे, पण असंच चालवलं तर डिस्कचा एक भाग दर फेरीला पॅडला पुसट घासून जातो, तिथे जाडी कमी होते आणि काही हजार किमीनंतर ब्रेक मारताना पेडल पायाखाली धडधडायला लागतं. मग लोक म्हणतात डिस्क तापून वाकली. वाकत वगैरे नाही शक्यतो, जाडी असमान झालेली असते किंवा पॅडचं मटेरियल एका जागी जास्त चिकटलेलं असतं.

डायल गेज (डुलणं मोजायचं काट्याचं यंत्र) असेल तर उत्तम. डिस्क चाकाच्या नटांनी वॉशर घालून घट्ट आवळा, नाहीतर सैल डिस्क मोजाल आणि भलताच आकडा येईल. गेज नसेल तर निदान डिस्क काढून हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, बोल्टांच्या बुडाशी पण. डिस्कच्या आतल्या बाजूला पण हात फिरवा.

हातोडी_पाना

ग्रीस घरात होतं तेच, चाकाच्या बेअरिंगला वापरतात ते पिवळसर. चांगलं दणकट असतं ना ते? तापमान पण सहन करतं.

गॅरेजातला_मामा

झालं. तिसरी जागा सापडली.

ते ग्रीस वाईट नाही पण चुकीच्या जागी गेलं. खनिज तेलापासून केलेलं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही, रबर फुगतं. पिनांचे बूट असतात, आणि बऱ्याच कॅलिपरमध्ये दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबराची बारीक नळी असते, ती फुगली की पिन भोकात जाम. लगेच नाही होत, दोन-चार दिवस लागतात. कंपनवेडा साहेबांनी धरलं होतं ना ते, चार दिवसांनी काय बदललं म्हणून.

पिनेला सिलिकॉनवालं किंवा ब्रेकसाठीचं म्हणून मिळतं तेच सिंथेटिक ग्रीस. तेही बोटावर घेऊन पातळ, कोंबायचं नाही, भोकात हवा कोंडली तर पिन परत बाहेर ढकलली जाते. आणि ती रबरवाली पिन वर की खाली हे प्रत्येक गाडीचं ठरलेलं असतं. काढताना बघितलं होतंस का?

हातोडी_पाना

...नाही. चारही पिना एका डब्यात टाकल्या होत्या रॉकेलमध्ये. 😐

निवांत_गडी

मामा आता तुम्ही पाणी प्या एक ग्लास.

एक_शिकाऊ

मला पण विचारायचं होतं, मागचे पॅड करताना पिस्टन क्लॅम्पने आत जात नव्हता, मी जोर लावायचा का?

गॅरेजातला_मामा

शिकाऊ, अजिबात नाही. मागच्या बऱ्याच कॅलिपरला हँडब्रेक आतच असतो, तो पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, त्याचं वेगळं हत्यार येतं. आणि त्याच्या तोंडावर खाचा असतात, त्यात पॅडच्या पाठीवरचा खुंट बसला पाहिजे, नाही बसला तर पॅड तिरका झिजतो आणि तोही ओरडतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडला टाकायची, नाहीतर मोटर मोडशील. पण ते वेगळं प्रकरण, इथे भरकटायला नको.

हातोडी, हे काम करताना ब्रॅकेटवरच्या त्या जुन्या क्लिपा पण काढ. "घट्ट बसलेल्या" असं तू लिहिलंयस तेव्हाच मला खटकलं होतं. क्लिप घट्ट का बसते? तिच्याखाली गंज फुगतो, पत्रा वर उचलला जातो आणि पॅडच्या कानाला (क्लिपेत बसणारं टोक) जागाच उरत नाही. क्लिप काढून खालचा गंज कानशीने किंवा तारेच्या ब्रशने काढायचा, धातू खायचा नाही, फक्त गंज. मग नवीन क्लिपा. त्या डब्यात उगाच देत नाहीत.

धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नकोस, ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुस. ती फुप्फुसात जायची गोष्ट नाही.

हातोडी_पाना

मंडळी, आज पुन्हा अख्खा दिवस गेला पण सांगतो काय काय सापडलं. फोटो टाकता येत नाहीयेत म्हणून लिहितोच.

ड्रायव्हर बाजू. चाक काढलं, बॅटरी मारली, पत्र्यावर खालच्या अंगाला अंगठ्याच्या नखाएवढा चंदेरी डाग, बाकी सगळा पत्रा तपकिरी आणि तेवढाच आरशासारखा. त्याच्या मागच्या बाजूला हातोडीचा पोचा, अगदी गोल, माझीच सही म्हणा ना. कागदाची पट्टी फिरवली तर बरोबर तिथेच अडकली. डिस्क काढली, हबवर बोट फिरवलं तर एका बाजूला खरखरीत खपली, गव्हाच्या दाण्याएवढी लांब, पापुद्र्यासारखी. पॉलिश पेपरने अर्धा तास घासलं. मित्राकडून डायल गेज आणलं होतं (तोच मित्र, तापमानवाला, त्याच्याकडे सगळं असतं) पण घासायच्या आधी मोजायचं सुचलं नाही. घासल्यावर मोजलं तर काटा ०.०३ च्या आसपास डुलतोय. पत्रा बोटांनी मागे ओढला, पट्टी सगळीकडून आरामात फिरते.

दुसरी बाजू. कॅलिपर सोडला आणि पॅड हाताने काढायला गेलो तर आतला पॅड ब्रॅकेटमध्ये असा रुतलेला की स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावा लागला. दोन आठवड्यांपूर्वी घालताना पण जोर लावावा लागला होता हे आता आठवतंय, मला वाटलं नवीन आहे म्हणून फिट बसतोय. पॅडचं तोंड चकचकीत काळं, दुसऱ्या बाजूच्या पॅडला मॅट राखाडी. जुनी क्लिप काढली तर खालून गंजाचा पापुद्रा निघाला आणि क्लिपच्या मागे त्याचा छाप.

आणि पिना. मामा, एका चाकाला रबरवाली पिन वर होती आणि दुसऱ्याला खाली, म्हणजे कुठल्या तरी एका चाकाची चुकलीच असणार 😂 मॅन्युअल काढून बघितलं, खालीच हवी. चुकीची ती याच चाकाची. रबर बोटांनी दाबलं तर स्पंजासारखं मऊ झालेलं, फिरवून बाहेर काढायला पक्कड लागली. दुसऱ्या चाकाचं पण थोडं फुगलंय पण अजून जाम नव्हतं. दोन्ही बाजूंची रबरं आणि बूट नवीन टाकले, भोकं ब्रेक क्लीनर आणि कापडाने पुसून कोरडी केली, सिलिकॉनचं ग्रीस लावलं. आता पॅड एका बोटाने सरकतो. हे असं सरकायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

चकाकी आलेल्या पॅडचं काय करू? फेकू?

कंपनवेडा

तडे गेलेत का, कडा भुरभुरत आहेत का, तेल-ग्रीस लागलंय का? यातलं काही नसेल तर फेकायची गरज नाही. सपाट जमिनीवर किंवा काचेवर खरखरीत पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड आठच्या आकड्यात फिरवा, चकाकी जाऊन पूर्ण तोंड एकसारखं मॅट दिसेपर्यंत. पुढच्या कडेला उतार नसेल तर काही जण कानशीने हलका उतार देतात, त्याने खडू तिरका धरल्यासारखं होतं. पण बहुतेक नव्या पॅडला तो असतोच, आधी बघा. शिम जागेवर आहेत ना तेही बघा, एकावर एक दोन घालू नका.

मग पॅड परत लावून ते डिस्कवर रुळवायचे, आणि हे रुळवणं पहिल्या वेळी तुम्ही केलं नव्हतं बहुतेक, त्याचा उल्लेख नाही. रिकामा सरळ रस्ता बघा, मागे कोणी नको. साधारण ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्यायचं. असं आठ-दहा वेळा. शेवटी थोडा जळका वास येईल, घाबरू नका. मग आठ-दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता चालवत राहायचं म्हणजे वारा लागून थंड होतील. तापलेले असताना थांबून पेडल दाबून धरायचं नाही, पॅडचा ठसा डिस्कवर तिथल्या तिथे उमटतो. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिलेली असेल तर ती वापरा, माझी नको. यात पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो आणि नंतर पॅड लोखंडावर नाही तर स्वतःच्याच मटेरियलवर घासतो.

निवांत_गडी

बरं मी माझा ऑइलचा सल्ला अधिकृतपणे मागे घेतो. मित्राला फोन केला, म्हटलं तुझे पॅड बदल आधी. तो म्हणाला मागच्या आठवड्यात पुढच्या गाडीला टेकवली, तेव्हापासून बदललेच आहेत.

हातोडी_पाना

केलं सगळं. पहाटे साडेपाचला जाऊन दहा वेळा ६० ते १०, मग लांबचा फेरा मारून थंड करून आलो. वास खरंच आला, नशीब वाचून गेलो होतो नाहीतर घाबरून गाडी तिथेच सोडली असती.

स्स्क पूर्ण बंद. चीं पूर्ण बंद. तापमान परत मोजलं, ६२ आणि ६५. चार दिवस झाले, रोज ऑफिसला नेतोय. दोनच गोष्टी उरल्यात. एक, सकाळी गाडी काढताना पहिल्या दोन ब्रेकला खर्र येतं मग गायब. दुसरं, रिव्हर्स घेऊन मग पुढे जाताना ब्रेक लावला की एकदाच बारीक टक् होतं. काळजी करू का?

गॅरेजातला_मामा

सकाळचं खर्र म्हणजे रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर आलेला गंजाचा साय, दोन ब्रेकमध्ये पुसला जातो, नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांना येतं. गाडी आठवडाभर उभी राहिली तर जास्त येईल. टक् म्हणजे दिशा बदलली की पॅड ब्रॅकेटमध्ये या टोकाहून त्या टोकाला सरकतो, तो आता सरकतोय हीच तर आपली कमाई आहे. एकदाच आणि बारीक असेल तर सोडून दे. मोठा ठक् झाला किंवा प्रत्येक ब्रेकला यायला लागला तर मात्र गाडी उभी करून ब्रॅकेटचे बोल्ट बघ, टॉर्क (आवळायचा जोर) मॅन्युअलमधला.

आणि भाऊ, चाकं दोनदा काढलीस-घातलीस. नट फुलीच्या क्रमाने टॉर्क रेंचनेच आवळलेस ना? १०० किमीच्या आत परत एकदा आवळून बघतात ते बघितलंस का?

हातोडी_पाना

क्रम बरोबर होता, रेंच पण होता. परत नाही बघितलं. १३० किमी झालेत.

निघालो खाली.